चिमणीच्या पोटातला पारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. नाव जड वाटत असेल तर लांब पोलादी नळी म्हणा. राग येईल, पण थोडाच. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून कोळशावर वीज करणाऱ्या केंद्रांच्या चिमण्यांमध्ये डोकं खुपसत आलो आहे. कोळशात किंचित पारा असतो. जळताना त्याची वाफ होते, धुराबरोबर उडते, तळ्यात उतरते आणि माशांत शिरते. डोळ्यांना ती दिसत नाही. माझ्या तावडीतून मात्र सुटत नाही!

माझ्या टोकाला काचेच्या दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी बसवतात. त्यांत कोळशाचीच खास भुकटी असते. धूर ओढला की पारा तिला चिकटतो. कोळशाची लबाडी कोळशानेच पकडायची, आहे की नाही गंमत? दोन्ही नळ्यांचे आकडे जुळले तरच खरे; नाही जुळले तर दोन्ही बाद.

मला वापरणाऱ्या तपासनीस बाई म्हणजे कामाला वाघ. परवा चिमणीची लिफ्ट चालवणाऱ्या काकांनी त्यांना विचारलं, "ताई, सुनेला दिवस गेलेत. तळ्यातले मासे तिला फार आवडतात. पण पारा पोटातल्या बाळाला बाधतो म्हणे. काय करू?"

"आकडा येऊ द्या काका, मग सांगते."

आकडे आले आणि पंचाईत झाली. एक नळी म्हणे पारा भरपूर, दुसरी म्हणे नावापुरता. केंद्राचे साहेब खूश. "बाई, कमीचा लिहून टाका की!"

"साहेब, ही काय भाजी आहे, स्वस्तातली उचलायला?"

बाईंनी मला पुन्हा तापवलं, माझं तोंड बंद करून धूर ओढणारा पंप चालवला; आता आत काहीच यायला नको होतं. पण एका नळीजवळचा, थंड असताना घट्ट बसणारा माझा सांधा तापल्यावर चक्क बाहेरची हवा ओढत होता. स्वच्छ हवा मिसळली, म्हणून त्या नळीचा आकडा कमी आला होता. सांध्याचं रबर कधीचं झिजलं होतं, पण माझ्याकडे बघतंय कोण! मला फार वाईट वाटलं.

नवं रबर बसलं. मी ऐटीत पुन्हा चिमणीत शिरलो. या खेपेला दोन्ही आकडे जुळले, आणि दोन्ही मोठे निघाले. साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता धुरातला पारा अडवायची यंत्रणा बसवावी लागणार," ते म्हणाले.

"काका, तळ्यातले मासे सध्या नकोत," बाईंनी सांगितलं.

"बरं झालं विचारलं," काका म्हणाले.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवा असा माझा हट्ट नाही. झिजलेलं रबर तेवढं वेळेवर बदला. माझ्यात गळती राहिली तर आकडा गोड येतो, आणि त्या गोड आकड्यावर विसंबून कुणीतरी आपल्या सुनेच्या ताटात मासा वाढतं.