झोपडीवरचा शिक्का

पिस्तुलाचा दस्ता तोंडावर बसला आणि लूथर प्रॅट शाळेच्या पायरीवर कोसळला. शेरीफचा डेप्युटी झेब कॉडिल याने पुन्हा हात उगारला.

"झोपडी म्हणालास ना? म्हण की पुन्हा!"

लूथरने रक्त थुंकलं आणि मत न देताच खेचराच्या मानेला धरून तो निघून गेला. रांगेतल्या बऱ्याच जणांना एकाएकी घरची कामं आठवली.

आत टेबलापाशी अ‍ॅन्सेल टॅकेटने मान खाली घातली. पंधरा वर्षं तो या शाळेत मास्तर होता आणि दर निवडणुकीला मतकारकून. १९०३ सालची ही राज्यपालाची निवडणूक. केंटकीच्या या डोंगरात राज्यपाल जन्मात फिरकणार नव्हता. पण कोंबडा आणि झोपडी ही दोन पक्षांची चित्रं, आणि शेरीफ कोंबडेवाला, त्यामुळे या खोऱ्यातून झोपडीला एकही मत पडू नये असं त्याने ठरवलं होतं.

वाचता येणारे पडद्याआड जाऊन मतपत्रिकेवर आपल्या पक्षाच्या चित्राखाली शिक्का मारत. निरक्षराने शपथ घेऊन आपलं चित्र मोठ्याने सांगायचं आणि कारकुनाने त्याच्यादेखत शिक्का मारायचा, असा कायदा. झेब खिडकीत बसून ऐकत असे. अर्धं खोरं निरक्षर होतं, आणि मास्तरला त्याची आज फार लाज वाटत होती.

पावणेचारच्या सुमारास ओबडाया स्ट्राँग आला. वय बहात्तर. मागच्या निवडणुकीत त्याचा मुलगा एमॉस याच दारात गोळी लागून मेला होता. चौकशीत अ‍ॅन्सेलने "मी काही पाहिलं नाही" असं सांगितलं होतं. पाहिलं तर सगळं होतं, झेबने झाडलेली गोळीही.

"काका, घरी जा. बरं दिसत नाही तुमचं," अ‍ॅन्सेल पुटपुटला.

"मला काय धाड भरलीय? कागद काढ."

म्हाताऱ्याने शपथ घेतली. "झोपडी," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

खिडकीत झेब सरळ बसला. अ‍ॅन्सेलने झटकन कोंबड्याखाली शिक्का मारला आणि कागदाची घडी घालू लागला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"उघड."

"काका, ऐका माझं..."

"मला अक्षर येत नाही मास्तर, पण जन्मभर कोंबड्या पाळल्यात मी. हा कोंबडा आहे."

झेब खदखदून हसला. "मास्तरला तुझी काळजी आहे रे थेरड्या. टाक पेटीत आणि चालता हो."

म्हाताऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. "एमॉसच्या वेळी तू गप्प बसलास. मीही काही बोललो नाही, तुला लेकरंबाळं आहेत म्हणून. आता माझ्या तोंडचा शब्दही बदलणार होय रे?"

अ‍ॅन्सेलने तो कागद रद्द केला, दुसरा काढला आणि झोपडीखाली शिक्का मारला. ओबडायाने तो निरखून पाहिला, स्वतः पेटीत टाकला, टोपी घातली आणि बाहेर पडला. झेब त्याच्या मागोमाग गेला. उघड्या दारातून अ‍ॅन्सेलला सगळं दिसत होतं. दोन बार झाले, दोन्ही पाठीत. म्हातारा पायऱ्यांवरून गडगडत चिखलात तोंडावर पडला.

झेब परत येऊन खिडकीत बसला. "काय मास्तर, पाहिलंत का काही?"

पंच म्हणून बसलेला दुकानदार ईनॉस व्हिट कापऱ्या आवाजात म्हणाला, "चारला पाच कमी, चारला पेटी बंद. मास्तर, तुझं मत राहिलंय. जा पडद्याआड, उरक."

अ‍ॅन्सेलने कागद घेतला, पण तो उठला नाही. सगळ्यांसमोर टेबलावरच त्याने झोपडीखाली शिक्का मारला, कागद झेबला दिसेल असा धरला आणि मग पेटीत टाकला.

"पाहिलं," तो म्हणाला. "आजचंही पाहिलं आणि एमॉसचंही. कोर्टात सांगणार आहे."

"अरे, वेड लागलं का तुला!" ईनॉस टेबलाखाली शिरला.

झेब खिडकीतून उतरला. त्याने पिस्तुलाचा घोडा मागे ओढल्याचा खटका अ‍ॅन्सेलने ऐकला. त्याला भयंकर भीती वाटत होती. तरी त्याने मतदारांची वही पुढे ओढली. ओबडाया स्ट्राँग या नावापुढची जागा अजून कोरीच होती. त्याने टाक शाईत बुडवला आणि फळ्यावर लिहीत असे तशा गोल, सुट्या अक्षरांत लिहिलं : मत दिले.