विळ्यासकट वजन

मित्रांनो, ताणकाट्याला डोकं नसतं असं तुम्ही म्हणाल. मग माझं हे सारखं तापतं ते काय? मी जुना झालोय, माझ्या स्प्रिंगला गंज चढलाय, आकड्यांचा रंग उडालाय. राग मात्र अजून नवाकोरा आहे, आणि तो कशाचा ते आज तुम्हाला ऐकावंच लागेल.

सोलापूरच्या एका दुकानात मी टांगलेला होतो. चिंचा नाहीतर मिरच्या तोलत जन्म जाणार अशी माझी समजूत. पण मला विकत घेतलं डॉ. शिवगंगा यांनी. त्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र शिकवत. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. बेंबळी गावाच्या बाजूला दुष्काळी खडीच्या कामावर पोटुशा बायाही उन्हात दगड फोडत होत्या. अशा कष्टानं पोटातलं मूल वाळतं, हे बाईंना नव्या लेकरांची वजनं घेऊन सिद्ध करायचं होतं. म्हणजे शेवटच्या महिन्यांत या बायांना मजुरी न कापता बसून करायचं काम मिळालं असतं. त्यांच्या लेखी संशोधन म्हणजे एवढंच होतं.

पहिल्याच बाळंतिणीच्या घरी घोडं अडलं. नव्या लेकराजवळ पाचवी पुजेपर्यंत लोखंड ठेवायची तिथं रीत. बहुतेक घरी विळाच असे. लेकराला तोलण्यासाठी झोळीत घालून माझ्या आकड्याला अडकवताना बाई तो विळा काढायला गेल्या, तशी सुईण मालनबाई आडवी आली.

"बाई, लोखंड काडू नगा. पाचवीपतोर ते लेकराजवळच ऱ्हातंय."

"राहू द्या मावशी. फक्त धार फडक्यात गुंडाळा," बाई म्हणाल्या. "आता दोन्ही मिळून तोलते. पाचवी झाली की नुसता विळा तोलीन आणि वजा करीन."

तसंच ठरलं. खडी फोडणारी चांगुणा बाळंत झाली, तेव्हा तिचं लेकरू विळ्यासकटही मला फारसं खाली ओढेना.

"कसं हाय वो माजं लेकरू?" तिनं विचारलं.

"बारीक आहे. शेवटपर्यंत दगड फोडलेस ना?"

"मंग काय करू? काम बंद तर खायला मिळती ती सुकडी बंद."

एकेका झोळीचं खरं वजन बाईंनी असं जमवलं. माझ्या आयुष्यातले तेच मानाचे दिवस.

मग आले विभागप्रमुख डॉ. महांतप्पा. खडीवर ते एकदाच आले होते, तेही जीपमधून न उतरता. त्यांनी सगळे आकडे मागवून घेतले, लेख लिहिला आणि वर स्वतःचं नाव घातलं. बाईंचं नाव शेवटी, आभारात. हेही मी एक वेळ गिळलं असतं. पण विळ्याचं वाचून त्यांनी नाक मुरडलं.

"असल्या अंधश्रद्धा शास्त्रीय लेखात? बाहेरचे लोक हसतील आपल्याला. काढून टाका."

"सर, निदान वजन तरी वजा करा."

"लेखात विळाच नाही, तर वजा काय करणार?"

झालं. कागदावरची लेकरं पावपाव किलोनं गुटगुटीत झाली आणि निष्कर्ष निघाला की जड कामानं गर्भाला अपाय होत नाही. माझ्या रागाचा आगडोंब झाला. मी खरं तोललं होतं, आणि माझ्याच नावावर हे खोटं छापलं गेलं.

त्या लेखाचं नशीब तरी बघा. एका विद्वानानं त्याचा दाखला दिला, त्याला पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याला पाहून परदेशातल्या तिसऱ्यानं. सगळे एकमेकांची री ओढत राहिले. जितके दाखले जास्त तितका माणूस मोठा, असा त्यांच्यातला कायदा. डॉ. महांतप्पा शाली पांघरत, विमानात बसत मोठे होत गेले.

पुढच्या टंचाईत चांगुणा पुन्हा पोटुशी होती, आणि कामावरच्या साहेबाकडे बसून करायचं काम मागत होती. बाई तिच्यासाठी भांडायला गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो.

"मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय, काही होत न्हाय म्हणून," साहेब म्हणाला.

"ती वजनं चुकीची आहेत. मीच घेतली होती."

"तुमचं नाव तर वर कुठं दिसत न्हाय त्यात."

चांगुणा दिवस भरायच्या आधीच खडीच्या ढिगाशी बाळंत झाली. मालनबाईनं झोळीत विळा ठेवला, बाईंनी मला वर धरलं. माझा काटा जेमतेम हलला. त्या लेकराची पाचवी आलीच नाही, म्हणून नुसता विळा तोलायचा राहून गेला.

बाईंनी दुरुस्ती लिहून पाठवली. ती छापली, पण शेवटच्या पानावर, दोन ओळींत. तिचा दाखला आजवर कुणी दिलेला नाही. मी मात्र महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात आहे, गळ्यात डॉ. महांतप्पांच्या नावाची चिठ्ठी अडकवून.

मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, जपा असं मी मुळीच म्हणणार नाही. मला जपून काय करायचंय? तुम्ही शिकून मोठे व्हाल, लिहाल, तेव्हा त्या दोन ओळी शोधा आणि त्यांचा दाखला द्या. कारण या उन्हाळ्यातही बाया खडी फोडताहेत. त्यांच्यातली कुणीतरी पोटुशी असेल आणि बसून करायचं काम मागत असेल. तिला नाही म्हणायला तो लेख अजून पुरतो.