हिरवा ठिपका

कंपनीत उणीपुरी चार माणसं होती तेव्हा ताईने एक नियम घालून घेतला होता. आईने वापरून पाहिल्याशिवाय एकही स्क्रीन बाहेर जाणार नाही.

त्यांचं ॲप म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची आठवण करून द्यायचं. ठरल्या वेळी फोन वाजायचा, गोळीचं चित्र दिसायचं आणि खाली बटणं. ते चित्र केवढं असावं, बटणावर काय लिहावं, थरथरतं बोट नेमकं कुठे पडेल, हे ठरवणं ताईचं काम. आई तेव्हा सत्तरीला टेकली होती. सकाळी ताई दहा मिनिटं डोळे मिटून बसायची, तो तिचा कितीतरी वर्षांचा नेम. आणि मग चहाच्या टेबलाशी फोन आईपुढे सरकवून तोंडाला कुलूप लावायची. सुचवायचं नाही, मदत करायची नाही, 'अगं तिथे नाही' असं तर मुळीच म्हणायचं नाही. आईचं बोट अडलं की स्क्रीन नापास. नाही अडलं तर ऑफिसच्या यादीत त्या स्क्रीनपुढे ताई हिरवा ठिपका ठेवायची. ठिपका पडला की स्क्रीन लोकांकडे जायला मोकळी.

आता कंपनीचे दोन मजले झाले होते आणि एकट्या ताईच्या हाताखाली अडतीस डिझायनर होते. लिफ्टमधून बाहेर पडलं की समोरच आईच्या हाताचा भलामोठा फोटो, सुरकुतलेलं बोट फोनवर टेकलेलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्या फोटोखाली उभं करून ठिपक्याची गोष्ट सांगत. सांगणारे अर्थात घाईसाहेब. कंपनी त्यांची, वय ताईपेक्षा आठ वर्षांनी कमी, आणि नाव पडलं होतं ते जिना उतरतानाही धावत उतरायचे म्हणून. एका खोलीतल्या दिवसांपासून ते ताईला 'ताई'च म्हणत, आणि अरेतुरे चालायचं.

माणसं वाढली की काम वाटलं जातं, असं ताईला वाटलं होतं. काम वाटलंही गेलं. पण प्रत्येक वाटा फिरून शेवटी तिच्याच दारात येऊन उभा राहिला. अडतीस माणसं कधीकधी एकाच दिवशी पाच-सहा स्क्रीन पुढे सरकवत. आई एकच होती, आणि सकाळही एकच. शिवाय मुलाखती, कोणाचं कोणाशी पटत नाही ती भांडणं, कोणाला बढती आणि कोणाला का नाही ती उत्तरं. दीड वर्षात ताईने स्वतःच्या हाताने एक चौकोनसुद्धा काढला नव्हता.

आणि मग ते झालं. अकरा महिन्यांपूर्वी आई दोन दिवस तापाने पडून होती आणि यादीत तीन स्क्रीन अडल्या होत्या. आईला चाललंच असतं, अशी स्वतःची समजूत घालून ताईने तीन ठिपके ठेवून दिले. हात जरासुद्धा थबकला नाही, याचंच तिला नंतर नवल वाटलं. पुढच्या आठवड्यात सात. त्यानंतर फोन टेबलावर सरकवणंच थांबलं. हे कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी डोळे मिटून बसलं की मात्र ते ठिपके समोर यायचे, ओळीने, आणि दहा मिनिटं संपता संपत नसत.

त्या गुरुवारी अकरा वाजता सगळ्या कंपनीची मीटिंग होती. तिथे दोन गोष्टी व्हायच्या होत्या. घाईसाहेब नवी स्क्रीन सगळ्यांना दाखवणार होते, ती बारा वाजता बाहेर जाणार होती. आणि अडतिसांचे नव्वद करायचे, त्या नव्वदांची प्रमुख ताई, याला ताईने सगळ्यांसमोर 'हो' म्हणायचं होतं.

सकाळी ती सुईदोरा शोधायला आईच्या खोलीत गेली. बाहीचं बटण लोंबत होतं. कपाटाचा खालचा खण ओढला तर सुईदोऱ्याच्या डब्याखाली गोळ्यांची पाकिटं. एक, दोन, पाच. जवळजवळ भरलेली.

"हे काय आहे?"

आई पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होती. "काय असायचं? गोळ्या आहेत."

"या मागच्या महिन्यात संपायला हव्या होत्या."

"तू आधी चहा घे बाई."

"आई."

आईने फणी मांडीवर ठेवली. "अगं, ते तुमचं वाजतं ना, ते बंदच होत नाही. पूर्वी एक बटण होतं बघ, 'कळत नाही' असं. ते दाबलं की तुला फोन लागायचा. तू सांगायचीस, गुलाबी घे नाहीतर पांढरी घे. आता दोनच ठेवलीत. 'घेतली' आणि 'थोड्या वेळाने'. थोड्या वेळाने म्हटलं की थोड्या वेळाने पुन्हा बोंब मारतं. मग मी आपली 'घेतली' दाबते. गप्प बसतं बिचारं."

"पण घेत नाहीस?"

"कधी घेते, कधी राहते. डॉक्टरांनी बदलून दिल्या तेव्हापासून दोन्ही पांढऱ्याच आहेत. एकीच्या जागी दुसरी दोनदा गेली म्हणजे? त्यापेक्षा नको."

ताई खाली बसली. तिने आईचा पाय हातात घेतला. घोट्याजवळ बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

"वयाचं असतं गं."

"मला विचारायचंस ना."

"कधी विचारू? घरात असतेस तेव्हा कानाला फोन असतो. आणि," आई हळूच म्हणाली, "तिथे भिंतीवर माझा हात टांगलाय तुम्ही. त्या हाताच्या बाईलाच ॲप कळत नाही म्हटल्यावर तुझी काय शोभा राहिली? म्हणून मी आपलं रोज हिरवं करून टाकते. तुला दिसतं ना तिकडे, आईने घेतली म्हणून?"

दिसत होतं. रोज दुपारी साडेतीनच्या मीटिंगच्या आधी ताई फोनवर बघायची आणि आईच्या नावापुढचा हिरवा रंग पाहून निर्धास्त व्हायची.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आज फक्त एक, अमुक आकाराची गोळी द्यायला सांगितलं आणि चार वाजता आईला घेऊन बोलावलं. गोळी देऊन, आईने ती गिळेपर्यंत समोर उभी राहून, ताई घराबाहेर पडली. बटण तसंच लोंबत राहिलं.

ते तिसरं बटण कसं गेलं, हे तिला वाटेत लख्ख आठवत होतं. पाच महिन्यांपूर्वी. 'कळत नाही' दाबणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती आणि आलेखात ते वाईट दिसत होतं. घाईसाहेब म्हणाले होते, बटण काढा, म्हणजे लोक पटकन ठरवतील. एकटा कासव अडून बसला होता. कासव म्हणजे चारांतला एक जुना डिझायनर. एका स्क्रीनला आठवडा लावायचा, पण लावला की तिच्यात खोट निघायची नाही. त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ताई, आईंना दाखवलंत?" आणि ताई म्हणाली होती, "दाखवलं." त्यावर कासवाने हट्ट सोडला होता. आई म्हटल्यावर त्याचा नाइलाज होता.

अकराला सभागृह भरलं. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. ताईला पहिल्या रांगेत, अगदी मध्ये बसवलं होतं. दोन्ही बाजूंनी गुडघे, मागे खुर्च्या, पुढे मंच. घाईसाहेबांनी आईची गोष्ट सांगितली. नवे सहा जण होते, त्यांच्यासाठी पहिल्यापासून. मग पडद्यावर नवी स्क्रीन आली. गोळीचं चित्र, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हिरवं बटण. 'घेतली'.

"'थोड्या वेळाने'पण काढून टाकलं!" घाईसाहेब म्हणाले. "एकच बटण. चूक व्हायला जागाच नाही!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या यादीत स्क्रीनच्या नावापुढे ठिपका होता. सोमवारी, दोन मुलाखतींच्या मधल्या चार मिनिटांत, ताईनेच ठेवलेला.

"ताई, सांग ना, आई काय म्हणाल्या?"

कोणीतरी तिच्या हातात माईक दिला. कासव खिडकीशी उभा होता, नेहमीसारखा जमिनीकडे बघत.

"आईला दाखवलीच नाही," ताई म्हणाली.

लोक हसले. ताईला विनोद फारसे जमत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच हसले.

"ही नाही, मागची नाही, त्याच्या मागचीही नाही. अकरा महिन्यांत एकही नाही दाखवली." तिचा आवाज एरवीही बारीकच; माईक तोंडाशी धरून तिला पुन्हा सांगावं लागलं. "तिसरं बटण काढलं तेव्हाही कासवाला मी खोटं सांगितलं. माझी आई गोळ्या न घेता 'घेतली' दाबते. तिच्या पायांना सूज आलीय. हे मला आज सकाळी कळलं."

मग ती उठली, रांगेतले गुडघे ओलांडत मंचावर गेली, आणि यादी उघडून ठिपके काढू लागली. बाहेर गेलेल्या स्क्रीन काही परत येणार नव्हत्या. थांबणार होती ती फक्त बाराची. तरी ती काढत राहिली. एक ठिपका काढला की ती ओळ राखाडी व्हायची. पंधरा-वीस झाल्यावर लोक आपापल्या स्क्रीनची नावं ओळखू लागले. एक मुलगी "अगंबाई, माझी पण?" म्हणाली आणि लगेच ओठ मिटून घेतले. दोनशे एकोणीस ठिपके. सव्वा तास लागला. शेवटपर्यंत कासव आणि आणखी दहा-बारा जण थांबले होते.

घाईसाहेब तिला काचेच्या खोलीत घेऊन गेले. ओरडले नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"ताई, तू दमलीयस. चूक माझी आहे. तुला माणसं कमी पडतायत."

"मला माणसं नकोत. मला खाली बसून स्क्रीन काढू दे. पूर्वीसारखं."

"आणि ठिपका कोण देणार?"

"ज्याने काढली त्याने द्यावा. त्याला त्याची कोणीतरी असेलच ना, आई, मावशी, सासू."

"तसं नाही चालत गं. लोकांनी आपल्यावर भरवसा ठेवलाय तो तुझ्या ठिपक्यावर. लिफ्टसमोर फोटो कोणाच्या आईचा आहे?" ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. "आता या दोनशे एकोणीस तुलाच बघायला लागतील. दुसऱ्या कोणाला कसं सांगू? आणि तू एवढं खरं बोललीस, सगळ्यांसमोर; आता तर तुला अजिबात सोडता येणार नाही. उलट नव्वदही कमीच पडतील."

ताईने काचेतून बाहेर पाहिलं. बाहेरचे सगळे आत न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते.

"म्हणजे हो ना?" घाईसाहेब म्हणाले. "का थोड्या वेळाने सांगतेस? संध्याकाळी विचारतो पुन्हा."

"मला कळत नाही," ताई म्हणाली.

"हे काय उत्तर झालं?"

"हे उत्तर आपण पाच महिन्यांपूर्वी काढून टाकलं. ते परत ठेव. मग माझं विचार."

घाईसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "एका फोनवर ठेव," ते शेवटी म्हणाले. "आईंच्या. बघू काय होतंय." आणि धावत जिना उतरून गेले.

कासवाने जुनं चित्र जपून ठेवलं होतं. ताई आईला डॉक्टरांकडे न्यायला निघेपर्यंत त्याने ते शोधून, बटण थोडं मोठं करून, प्रोग्रामरच्या खुर्चीमागे चिकाटीने उभं राहून बसवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एका दिवसात काहीतरी पुरं केलं होतं. मग तो ताईकडे आला. एवढंच म्हणाला, "सासूबाईंना दोन स्क्रीन नेतो आज. फार खोचक बोलतात. बऱ्या पडतील."

डॉक्टर आईला रागावले, मग ताईला रागावले आणि गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने फोन टेबलावर सरकवला आणि तोंडाला कुलूप लावलं. फोन वाजला. आईने चष्मा नाकावर खाली ओढला. बोट 'घेतली'पाशी गेलं, तिथेच रेंगाळलं. तिने एकदा मुलीकडे पाहिलं. ताईने नजर चहात ठेवली. मग बोट खाली सरकलं आणि ताईच्या मांडीवरचा फोन वाजू लागला.

"हं, आई," ताईने फोन कानाला लावून म्हटलं. दोघींच्या मध्ये हातभर टेबल.

"दोन्ही पांढऱ्याच आहेत गं," आई फोनमध्ये म्हणाली.

"जिच्यावर मधोमध रेघ आहे ती घे. दुसरी संध्याकाळी."

आईने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि मग हिरवं बटण दाबलं.

ताईने यादी उघडली, या स्क्रीनची नवी ओळ घातली आणि तिच्यापुढे एक ठिपका ठेवला. खाली अजून दोनशे एकोणीस ओळी राखाडी होत्या. ऑफिसातून रात्रीत आणखी चार येऊन पडल्या होत्या, आणि साडेनऊला घाईसाहेबांनी वेळ मागितला होता, विषय: नव्वद.

"बाकीचं?" आईने विचारलं.

"रोज एक दाखवीन. सकाळी. जमेल तुला?"

"न जमायला काय झालं? मी कुठे जातेय?"

"मी तरी कुठे जातेय," ताई म्हणाली आणि बाहीचं बटण लावायला सुईत दोरा ओवू लागली.