ताईची दुरुस्ती

धाकट्याच्या पोटात दुखायला लागलं ते ताईला आलेल्या पत्रांमुळे. दोघं भावंडं कानाची यंत्रं बनवणाऱ्या एकाच कारखान्यात होती. यंत्रातल्या चिपला माणसानं लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा कळत नाही. तो चिपच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. त्यांच्या जुन्या कंपायलरमधल्या एका चुकीमुळे यंत्र बारीक आवाज गिळायचं. पण त्याच्या परवान्यात एक अट होती: बदल करून दुसऱ्याला दिलात, तर आतलं सगळं लिखाणही द्या. त्यात बदल करून तो कारखान्याला देणाऱ्या चिप कंपनीला ते झक मारत द्यावं लागलं, ताईनं ते उघडून चूक सुधारली, आणि सुधारणा तिच्या नावानिशी जगभर गेली.

मग आभाराची पत्रं. ताई ती जेवताना वाचून दाखवायची आणि धाकटा ताट अर्धं टाकून उठायचा. त्यात तेच यंत्र लावणाऱ्या आईचं ठरलेलं वाक्य, "माझ्या लेकीनं मला कान दिले." लेकानं त्याच यंत्राचं झाकण, बटणं, बॅटरीचा कप्पा, सगळं केलं होतं. पण झाकणाला कोण पत्र लिहितो?

नव्या यंत्राचा प्रोग्राम लिहायचं काम धाकट्याकडे आलं. त्याला कंपायलर कोणता, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यानं अकरा पानांचा अहवाल लिहिला. दुसऱ्या एका कंपायलरचा परवाना सैल होता: घ्या, बदला, आतलं दाखवायची सक्ती नाही. चिप कंपनीनं तोच घेऊन, आपले बदल करून, वर कुलूप घातलं होतं. वेग जास्त, कटकट कमी, असं धाकट्यानं लिहिलं. ते खरंही होतं. ताईचं नाव सुंठीवाचून जाणार, हे मात्र त्यानं लिहिलं नाही.

ताई म्हणाली, "मूळ कंपायलर चांगलाच आहे रे. पण यांनी आत काय केलंय ते आपल्याला उघडता येणार नाही. उद्या चुकलं तर?"

"तुझं नाव दिसणार नाही, म्हणून दुखतंय तुला," तो म्हणाला.

अहवाल मंजूर झाला.

पहिलं यंत्र त्यानं हौसेनं आईच्या कानात घातलं. "कसं वाटतंय?"

"किती किरकिरतोस रे," आई म्हणाली.

तीन आठवडे त्यानं स्वतःचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. प्रोग्राम बरोबर होता. चूक कंपायलरची होती. चिप कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." त्यानंतर अळीमिळी गुपचिळी.

एका दुपारी आईनं नवं यंत्र काढून ठेवलं आणि खणातून जुनं काढून घातलं. "आता बोल."

"काय बोलू?"

"हं. आता तू तुझ्यासारखा वाटतोस."

त्याला बरं वाटलं, आणि लगेच पुन्हा जळफळाट झाला. आईच्या कानापर्यंत पोचायचं तरी ताईच्याच दुरुस्तीतून. ताई समोर भाजी निवडत होती. तिनं एखादा टोमणा मारला असता तरी त्याला सोपं गेलं असतं.

"नव्याचं ताईला बघायला सांग ना," आई म्हणाली. "ती करेल नीट."

"तिलाही उघडता येणार नाही."

"का बरं?"

जुन्या यंत्रातून आईला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. पुटपुटून सुटायची सोय नव्हती.

"मीच तसं करून ठेवलंय," तो म्हणाला.