ओस धरलेलं दुकान

मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका गावात वेर्ना कोस्केला बावीस वर्षं मालमत्तांची किंमत ठरवून त्यांवर कर आकारायचं काम करत होती. हमरस्त्यावरच्या अवाढव्य दुकानाने तिच्या आकारणीविरुद्ध अपील केलं. सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, "दुकान चालतंय हे विसरा. ते बंद पडलं, तर ओस इमारतीला जी किंमत येईल, तेवढीच धरा."

बाहेर पडताना तो वेर्नाशी हसून बोलला, "काय थंडी हो तुमच्याकडे! सकाळी त्याच दुकानातून हातमोजे घेतले. गाडी लावायला वीस मिनिटं जागा मिळेना."

वेर्नाने विचारलं, "ओस इमारतीत विकले कुणी तुम्हाला?"

"मनाला लावून घेऊ नका, बाई. कायदाच तसा आहे," म्हणत त्याने हात पुढे केला. तिने तो हातात घेतला नाही.

वसंतात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीचा कर निम्म्यावर आला, आणि तूट भरून काढायला गावाने सगळ्यांसाठीच कराचा दर वाढवला. खिळे-रंग विकणारा म्हातारा आयनार वाढीव बिल घेऊन वेर्नाकडे आला.

"माझंही दुकान ओस धर की गं! तसंही गिऱ्हाईक फिरकतंय कुठे?"

"त्यासाठी अपील करावं लागतं, आयनार. तसला वकील तुझ्या ऐपतीबाहेरचा आहे."

"मग तू कशाला बसलीयेस इथे?"

बिल तिच्या टेबलावर टाकून तो निघाला. तो गेल्यावर तिने बिलाच्या तळाशी असलेली स्वतःची सही पाहिली, आणि तिला तिचीच शिसारी आली.