सर्दी असल्यास आत येऊ नये

मी एक जुनी पाटी आहे. जुनी म्हणजे दोनच वर्षांची. पण पुठ्ठ्याच्या जातीला तेवढं म्हातारपण पुरतं.

मित्रांनो, वाफेच्या यंत्राचं खोकं कापून एका बाबांनी मला घडवलं आणि निळ्या शाईनं लिहिलं, 'सर्दी-खोकला असल्यास आत येऊ नये.' त्यांच्या लेकीची, चिमणीची, श्वासनळी जन्मापासून अरुंद. दोन वर्षं ती गळ्यात बसवलेल्या नळीतून श्वास घेत होती. ती नळी नुकतीच निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "एवढा हिवाळा सर्दीशिवाय निभवा. मग बहुधा पुन्हा नळी नाही."

दूधवाला मला वाचून पिशवी कडीला अडकवायचा आणि शिंकायला जिना उतरून जायचा. शेजारचे आजोबा माझ्या अक्षराचं कौतुक करत. शिकलेले पाहुणे मात्र मला मोठ्यानं वाचत, नाक पुसत आणि आत शिरत. प्रत्येकाला वाटे, ही दुसऱ्या कुणासाठी लावली आहे.

हिवाळा सरायला पंधरा दिवस उरले होते. तेवढ्यात आत्या आली. आईनं खिडकीतून तिला पाहिलं आणि मला झटकन उलटं केलं.

"ताईंना वाटेल, त्यांच्यासाठीच टांगलीय," ती पुटपुटली. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी दाराला तोंड लावून ऐकत राहिले.

"अगं, खोकल्याकडे नको बघूस, धुळीचा आहे."

"हो ना ताई, हवाच तसली."

"चिमणे, आत्याला पापा दे!"

"नको."

"लाजते बघ लबाड!" म्हणत आत्यानं एकाऐवजी दोन पापे घेतले.

चौथ्या दिवशी चिमणीच्या श्वासाची शिट्टी वाजू लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. बाबा तिला उचलून धावले.

महिन्यानं ती परतली, गळ्यात पुन्हा नळी घेऊन. रडते, तेव्हा नुसतं तोंड उघडतं; आवाज फुटत नाही. आत्या भेटायला आली आणि डोळे पुसत म्हणाली, "कुणाची दृष्ट लागली गं!" आईनं तिच्यापुढे चहा ठेवला.

मित्रांनो, नाक गळत असेल, तर अशा बाळाला दारातूनच हात हलवा आणि मागे फिरा. तुमच्या घरी असं बाळ असेल, तर रुसणाऱ्यांना खुशाल रुसू द्या; रुसवा निघतो.

ही नळी कधी निघेल, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. आईही आता विचारत नाही.