वॉरनच्या वतीने

एमेटने टायची गाठ पुन्हा सोडली, तेव्हा आर्डिथने त्याचे हात बाजूला केले आणि स्वतःच ती बांधायला घेतली.

"हलू नका तुम्ही. वॉरनलाही कधी जमली नाही ही."

"त्याची मीच बांधायचो. दुसऱ्याच्या गळ्यात जमते मला."

आज ज्याचा समारंभ होता तो, समलिंगी कादंबरीकारांना दिला जाणारा पुरस्कार यंदा वॉरनच्या शेवटच्या पुस्तकाला मिळाला होता. वॉरन फेब्रुवारीत गेला. त्याच्या आणि एमेटच्या संसाराला तोवर तीसेक वर्षं झाली होती. ओहायोतल्या चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी मात्र वॉरनच्या बहिणीने, आर्डिथने, एमेटला मागच्या बाकावर बसवलं होतं आणि पाद्र्याने त्याचा उल्लेख 'न्यूयॉर्कचे एक स्नेही' असा उरकला होता. तरीही पुरस्काराचं कळताच फोन करून तिला त्यानेच बोलावून घेतलं.

संस्थेची एक बाई लगबगीने आली. "मंचावर कोण येणार?"

"या येतील," एमेट म्हणाला. "सख्खी बहीण आहे त्याची."

आर्डिथने पर्सची कडी उघडली, लावली.

वॉरनचं नाव पुकारलं गेलं तसं सभागृह उठून उभं राहिलं. तिला वाट द्यायला एमेटने पाय आखडून घेतले. ती जागची हलली नाही.

"जा ना," तो कुजबुजला. "लोक थांबलेत."

"मी काय बोलू तिथे? त्याचं एक पुस्तक मी धड वाचलेलं नाही." तिने त्याच्या मांडीवरचा कोट उचलून आपल्याकडे घेतला. "ऊठ, एमेट. तू जा."

आयुष्यभर लोकांचे पियानो सुरात लावणारा एमेट माइकसमोर जाऊन उभा राहिला.

"वॉरन लिहिलेलं रोज मला वाचून दाखवायचा," तो म्हणाला. "मी भांडी घासत असायचो. नळ बंद कर म्हणून ओरडायचा." लोक हसले. "तुम्ही त्याला आज वाचलंत, त्याबद्दल आभार. आणि त्याचेही. तो कुणाहीबरोबर म्हातारा होऊ शकला असता. माझ्याबरोबर झाला."

तो परतला तेव्हा आर्डिथ चष्मा पुसत होती. बराच वेळ पुसत राहिली.

नंतर एका छायाचित्रकाराने दोघांना भिंतीपाशी उभं केलं आणि नावं विचारली.

"बाई, तुम्ही लेखकाच्या बहीण ना? तसंच लिहू?"

आर्डिथने एमेटच्या कोपरात हात अडकवला.

"यांची मेव्हणी, असं लिहा," ती म्हणाली.